सल्फेट की सल्फाइट

सलीम बाबालाल इनामदार.

नाव पूर्ण लिहिलं, कारण अर्धं नाव सरांना चालायचं नाही. आईवडील सोडले तर तुझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी हेच नाव सांगतो, आणि तेही असंच, तिन्ही शब्दांसकट. ‘उपकार’ हा शब्द मात्र त्यांना आवडणार नाही. का, ते पुढे येईल.

पिंपळगाव बसवंतच्या पलीकडच्या एका खेड्यात मी दहावीपर्यंत शिकलो. वडील टेम्पोवर ड्रायव्हर, द्राक्षांच्या पेट्या मळ्यातून पॅकहाउसला पोचवायचे. आई त्याच पॅकहाउसमध्ये मणी निवडायला जायची. आमच्या घरात अकरावी सायन्सला गेलेला मी पहिला. नाशिकला आलो आणि पंचवटीत भाजी बाजारामागच्या एका खोलीत तिघा मुलांबरोबर राहू लागलो. कॉलेजात सगळं इंग्रजीत. शाळेत मी आम्ल, आम्लारी, संयुजा शिकलो होतो आणि चांगले मार्क मिळवले होते. इथे तीच सगळी मंडळी ॲसिड, बेस, व्हॅलन्सी अशी नावं घेऊन फळ्यावर उभी. ओळखीचीच माणसं, पण एकही ओळख देईना.

पहिल्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या तासाला एक उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले सर आले. त्यांनी सरळ प्रश्न टाकला, “मोल म्हणजे काय?”

आमच्या शाळेत तो भाग ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडून दिला होता. पण शब्द मराठी वाटला, म्हणून मी धीर करून उठलो आणि म्हणालो, “मोल म्हणजे किंमत, सर.”

वर्ग हसला. सर नाही हसले. ते बाकांच्या मधून माझ्यापर्यंत चालत आले, मान जराशी वाकडी केली आणि म्हणाले, “पुन्हा सांग.”

मला वाटलं, फजिती करायची म्हणून पुन्हा वदवून घेताहेत. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “शब्दाचा अर्थ बरोबर आहे. शब्द चुकीच्या वर्गात येऊन बसलाय, एवढंच. नाव काय तुझं?”

“सोमनाथ.”

“कोणता सोमनाथ?”

“गांगुर्डे.”

“आणि मधला माणूस कुठे गेला?”

“सोमनाथ दगू गांगुर्डे.”

“हां, आता पत्र पोचेल. सोमनाथ दगू गांगुर्डे, रविवारी सकाळी नाशिक रोडला माझ्या घरी ये. येताना फी आण.”

मी घाबरलो. तास संपल्यावर त्यांच्यामागे जाऊन विचारलं, “सर, फी किती?”

“एक चूक,” ते म्हणाले. “आज केलीस ती चालेल. कागदावर लिहून आण. आणि दुरुस्त करू नकोस. दुरुस्त केलेली चूक मी घेत नाही.”

सरांचा रविवारचा वर्ग असा होता. खेड्यातून आलेली, मराठी माध्यमातली दहाबारा मुलं-मुली, नाशिक रोडच्या एका जुन्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर, सरांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायची. रेल्वे स्टेशन जवळ. गाडी येण्याची घोषणा खोलीत स्पष्ट ऐकू यायची. समोरच्या भिंतीचा एक चौकोन काळा रंगवून सरांनी फळा केला होता. दारात चप्पल काढली की पहिला प्रश्न ठरलेला, “चूक आणली?” ज्याने आणली नसेल त्याला सर परत पाठवायचे नाहीत, पण उदास व्हायचे. म्हणायचे, “आठवडाभरात एकही चूक नाही? आजारी होतास का?”

चुका गोळा झाल्या की त्यांतली एक उचलून तास सुरू. माझी ‘मोल’ची चूक पहिल्याच रविवारी निघाली. सरांनी विचारलं, “सोमनाथ दगू गांगुर्डे, तुमच्याकडे द्राक्षाच्या पेटीत मणी मोजून भरतात?”

“नाही सर. कोण मोजत बसणार? वजनावर.”

“मग दोन पेट्यांत मणी सारखेच आहेत, हे कसं सांगशील?”

“मण्याचा साइज सारखा असेल तर वजन सारखं पाहिजे.”

“आणि एका पेटीत मोठे मणी, दुसरीत बारीक? पण मणी तेवढेच हवेत?”

मी विचार करून म्हणालो, “मग मोठ्या मण्यांची पेटी जड भरणार.”

“झालं,” सर म्हणाले आणि खडू उचलला. “अणू हे फार बारीक मणी. मोजता येत नाहीत, म्हणून वजन करायचं. कार्बनचा मणी हलका, त्याची पेटी बारा ग्रॅमची. गंधकाचा जड, त्याची पेटी बत्तीस ग्रॅमची. आत मणी तेवढेच. त्या पेटीचं नाव मोल.”

आईने आयुष्यभर केलेलं काम रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून गणितं सुटायला लागली, असं लिहिलं तर खोटं होईल. सुटायला दिवाळी उजाडली. पण भीती त्या दिवशी गेली.

सरांचं दुसरं वेड म्हणजे एकक. आम्ही आकडेमोड करून आनंदाने उत्तर सांगायचो आणि ते तोंड वाकडं करायचे. एकदा पाण्याच्या एका मोलचं वस्तुमान विचारलं. मागून कोणी तरी ओरडलं, “अठरा!”

“अठरा काय?” सर म्हणाले. “अठरा विश्वे दारिद्र्य?”

“ग्रॅम, सर, ग्रॅम!”

“मग तसं म्हण ना बाबा. उघडा आकडा रस्त्यावर सोडू नये. कोणीही उचलून काहीही करतं त्याचं.”

आणि तिसरं वेड, सर्वांत मोठं, नावं. संयुगाचं नाव म्हणजे पत्ता, असं ते म्हणायचे. पत्ता अर्धा लिहिला की पत्र भलत्याच्या घरी. लोखंड दोन प्रकारे वागतं, एकदा दोन इलेक्ट्रॉन देतं, एकदा तीन. म्हणून नावात लोखंडापुढे कंसात रोमन आकडा लिहायचा, दोन किंवा तीन. आम्ही तो हमखास विसरायचो. हिराकशीच्या सूत्रापुढे कोणी नुसतं ‘आयर्न सल्फेट’ लिहिलं की सर वही वर धरून विचारायचे, “कोणत्या इनामदाराकडे?” कारण त्यांच्या कॉलनीत, शेजारच्याच इमारतीत, दुसरे इनामदार राहायचे, आणि दोघांची पत्रं कायम अदलाबदल व्हायची.

नावांच्या शेवटाबद्दल तर ते फारच कडक होते. सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड. पहिल्यात गंधकाबरोबर चार ऑक्सिजन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एकही नाही. “सगळा खेळ शेवटच्या अक्षरात आहे,” ते म्हणायचे. “एट, आइट, आइड. शेपूट बदललं की प्राणी बदलला.” हे म्हणताना ते आमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्हाला वाटायचं, मास्तरांची नजर आहे, असायचीच.

या वर्गात एक आवाज आतून यायचा. तो शमीमभाभींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा. त्या स्वयंपाकघरात असायच्या, दार अर्धं उघडं. आमच्यातलं कोणी उत्तर दिलं की आतून तेच उत्तर मोठ्याने, खणखणीत, शेवट लांबवून ऐकू यायचं.

“नाय-ट्रेऽऽट म्हणतोय तो!”

“दोन मोल म्हणाली ती लाल ओढणीवाली!”

सुरुवातीला आम्ही हसून हसून बेजार. मुलांनी त्यांचं नाव ‘भाभी लाउडस्पीकर’ ठेवलं होतं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच, की पोळ्या लाटता लाटता सगळी उत्तरं पोचवायची. कधी एखादा शब्द नीट कळला नाही की तव्यावरचं सोडून दारात यायच्या, “क्या बोला रे? फिरसे बोल. आइट की एट?” मग सरांकडे वळून, “आइट बोला, अजी.” सर लगेच, “चूक. बस खाली.” आम्हाला वाटायचं, मुलंबाळं नाहीत, घरात करमत नाही, म्हणून भाभींचा हा खेळ चालतो.

माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगायला हवी.

मी घरी गेलो की ‘इनामदार सर, इनामदार सर’ असं सारखं सांगायचो. कॉलेजच्या पाटीवरही ‘प्रा. स. बा. इनामदार’ एवढंच. वडिलांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की हे सदाशिव नाही तर सखाराम, गृहस्थ ब्राह्मण, वयस्कर. बारावीला मला रसायनशास्त्रात चांगले मार्क पडले तेव्हा ते पॅकहाउसमधून द्राक्षांची एक पेटी, नारळ आणि नवी टोपी घेऊन निघाले. वाटेत बसमध्ये मला सूचना देत होते, “हे बघ, बामनाचं घर हाय. चपला लांब काढायच्या. पानी मागायचं नाय, दिलं तर वरून प्यायचं. अन् पाया पडताना नीट वाकायचं, उंटासारखं नाय.” मी खरं सांगायला तोंड उघडलं की पुढची सूचना यायची.

जिना चढून आम्ही दारापाशी आलो. घराच्या पाटीवर सरांनी नाव मुद्दाम पूर्ण लिहिलेलं होतं. वडील चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर अक्षर लावून वाचतात. त्यांनी ‘सलीम’ वाचलं, थांबले. ‘बाबालाल’ वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भलत्याच गावी उतरवलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. सर वडिलांच्या हातातला नारळ बघून सगळं समजले.

“या, या. काय झालं?”

“नाय, आमाला वाटलं…” वडील नारळाकडे बघत म्हणाले.

“सगळ्यांनाच वाटतं,” सर म्हणाले. “मूलद्रव्य तुम्ही बरोबर ओळखलंत. रोमन आकडा तेवढा राहिला.”

वडिलांना विनोद कळला नाही, पण सर हसले म्हणून तेही हसले, आणि मग दोघंही बराच वेळ हसत राहिले. आत गेल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, “बाबालाल म्हंजी तुमचे वडील? आमच्या गावाला एक बाबालाल तांबोळी व्हते. पानाचं दुकान. लय गोड मानूस.”

“माझे वडील गोड नव्हते,” सर म्हणाले. “फार मारायचे. पण शाळेत त्यांनीच घातलं.”

भाभींनी शिरखुर्मा दिला. वडिलांनी वाटी वरून नाही, ओठ लावून संपवली. निघताना नारळ सरांच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “याच्याकडून काय व्हनार नाय असं मला वाटायचं मास्तर.” सरांनी मान वाकडी करून विचारलं, “काय म्हणालात?” आणि आतून भाभींचा आवाज आला, “बेट्याची तारीफ करतायत!” वडील गोंधळले. त्यांनी तारीफ केली नव्हती. पण भाभींनी पुरवलेला शब्द त्यांना परत घेता येईना.

पुढे मी बी. एस्सी. झालो, एम. एस्सी. झालो, आणि सातपूरला एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. बाटल्यांवर लेबलं लिहिताना माझा हात आजही शेवटच्या अक्षरावर थांबतो. नोकरी लागली तेव्हा सरांना एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. ‘आपले माझ्यावर अनंत उपकार आहेत’ वगैरे. पाकिटावर घाईने लिहिलं, ‘इनामदार सर, नाशिक रोड’ आणि कॉलनीचं नाव. ते पत्र अर्थातच दुसऱ्या इनामदारांकडे गेलं. ते बिचारे वाचून थक्क झाले आणि सपाता घालून सरांकडे घेऊन आले. सरांनी तेच पत्र मला उलट पाठवलं. पाकिटावर लाल शाईने, ‘रोमन आकडा?’ आत ‘अनंत’ या शब्दाखाली रेघ, आणि समासात, ‘अनंत हे उत्तर नव्हे. किती? एकक लिहा.’ आणि सर्वांत खाली, ‘आभाराला उत्तर देता येत नाही. प्रश्न विचार, उत्तर देईन.’

मी ते हसून मित्रांना दाखवत फिरलो. त्यांना प्रश्न हवा होता, हे मला तेव्हा विनोद वाटलं.

मग नोकरी, लग्न, संसार. नाशिक रोडला जाणं वर्षातून एकदा, ईदला, असं राहिलं. दोन वर्षांपूर्वी भाभी गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं. गेलो तर बाहेरच्या खोलीत सतरंजी घातलेली, माणसं येऊन जाऊन होती. सर भिंतीच्या फळ्याला पाठ लावून बसले होते. मी जवळ बसून हळू आवाजात काहीबाही बोललो, असं अचानक कसं झालं, वगैरे. सर माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. थांबले. दार अर्धं उघडं होतं, आत कोणाची तरी बांगडी वाजली, पण आवाज आला नाही.

सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “सोमनाथ दगू गांगुर्डे, ते वर्ग आम्ही दोघं मिळून घ्यायचो. तुम्हाला कोणालाच कळलं नाही ना?”

तेव्हा मला कळलं. वाकडी मान, “पुन्हा सांग”, तोंडाकडे रोखलेली नजर, आतून येणारी उत्तरं. माझ्या पहिल्या दिवसापासूनच सरांचे कान उताराला लागले होते. भाभी खेळ करत नव्हत्या. त्या सरांचं ऐकणं होत्या. ‘आइट की एट’ हे त्यांना स्वतःसाठी कधीच नको होतं.

भाभींच्या नंतरही सरांनी रविवारचा वर्ग बंद केला नाही. मुलं कमी झाली होती. फोनवर सगळं शिकायला मिळतं, नाशिक रोडला कोण येतं? तरी पाचसहा यायची. सरांनी कानाचं मशीनही घेतलं. पुढच्या ईदला मी गेलो तर ते मशीन कपाटावर डबीत पडलेलं दिसलं. मी खुणेनेच विचारलं. सर म्हणाले, “आवाज वाढतो रे त्याने, शब्द नाही वाढत. एट मोठा ऐकू येतो आणि आइटही मोठा ऐकू येतो. दोन्ही सारखेच मोठे.”

आणि मग ते घडलं. हे मला सरांनीच सांगितलं, गेल्या हिवाळ्यात. वर्गात एकलहऱ्याची एक मुलगी होती, हुशार, आवाज बारीक. सरांनी फळ्यावर गंधक आणि चार ऑक्सिजनचं सूत्र लिहून नाव विचारलं. ती म्हणाली, सल्फाइट. सरांना सल्फेट ऐकू आलं. ते म्हणाले, “शाब्बास, बरोबर!” बाकीची मुलं गप्प राहिली. सर चुकत नाहीत, असं त्यांना वाटलं. मुलीने तेच पाठ केलं, आणि कॉलेजच्या परीक्षेत त्या शब्दाचा प्रत्येक प्रश्न चुकवून आली. पुढच्या रविवारी तिने फी म्हणून तीच चूक आणली, कागदावर लिहून, आणि खाली भाबडेपणाने लिहिलं होतं, ‘सरांनी बरोबर म्हटले होते.’

“मी तिच्या घरी गेलो,” सर म्हणाले. “रिक्षा करून. तिच्या आईला सांगितलं, चूक माझी. ती बाई म्हणते, अहो सर, एका अक्षराचं काय घेऊन बसलात, चहा घ्या. एका अक्षराचं! मी आयुष्यभर दुसरं काय शिकवलं?”

त्यानंतर सरांनी वर्ग बंद केला. मुलांना सांगितलं, येऊ नका. मी खूप समजावलं. कागदावर लिहून दिलं, की मुलांना उत्तर लिहून द्यायला सांगा. सरांनी तो कागद वाचला आणि घडी घालून ठेवला. म्हणाले, “परीक्षा लेखी असते, शिकवणं तोंडी असतं. पोरगं बोलताना कुठे अडखळलं, ते ऐकू आलं पाहिजे. चूक तिथे असते. लिहिताना माणूस ती लपवतो.”



शेवटचं पाहिलं ते याच आठवड्यात. सुट्टी होती, सकाळी मी न कळवता गेलो. कळवणार तरी कसं? साधा बटणांचा फोन, आणि तो ते उचलत नाहीत. बेल वाजवली, दोनदा, तीनदा. शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बेल ऐकू येत नाही हो त्यांना. कडी नसते, ढकला दार.”

मी दार हळूच ढकललं. सर फळ्यापाशी उभे होते, पाठमोरे. बाह्या कोपरापर्यंत. सतरंजी घडी करून कोपऱ्यात ठेवलेली, खोली रिकामी. फळ्यावर सुबक अक्षरात सूत्रांची रांग होती, आणि प्रत्येकापुढे नावासाठी जागा मोकळी. स्टेशनवरची घोषणा खोलीत भरून गेली, कोणती तरी गाडी उशिरा धावत होती. सरांना ती ऐकू आली नसावी. त्यांनी खडूने एका सूत्राखाली रेघ ओढली आणि मोठ्याने विचारलं, “याचं नाव?”

मग त्यांनी मान वाकडी केली. सतरंजीच्या जागेकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे. तसेच थांबले. पुरेसा वेळ थांबले, जेवढा वेळ आम्हा मुलांना द्यायचे तेवढा. मग स्वतःच मोकळ्या जागेत नाव लिहिलं, आणि पुढच्या सूत्रावर गेले.

मी दार तसंच ओढून घेतलं आणि जिना उतरलो. त्यांना हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती, हे खरं. पण त्या वेळी आत जाणं मला बरं वाटलं नाही. बसमध्ये नाशिक रोड ते पिंपळगावपर्यंत एकच विचार डोक्यात होता. सरांनी मला आभाराबद्दल काय लिहिलं होतं, ते आठवत होतं. गावी माझी बहीण असते. तिची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी तिची रसायनशास्त्राची वही मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सरांना पत्र लिहिलं. ते असं:

प्रति,
प्रा. सलीम बाबालाल इनामदार (शेजारच्या इमारतीतले नव्हेत),
दुसरा मजला, पाटीवर पूर्ण नाव असलेलं दार,
नाशिक रोड.

आदरणीय सर,
सा. नमस्कार.

या पत्रात आभार नाहीत. ते किती आणि कोणत्या एककात, हे मला अजून काढता आलेलं नाही. प्रयत्न चालू आहे.

एक प्रश्न आहे. माझी भाची कोमल राजाराम शिंदे अकरावीला आहे. मराठी शाळेतून आली आहे. कॉलेजात तिला काही कळत नाही, आणि कळत नाही हे ती कोणाला सांगतही नाही. वर्गात ती तोंड उघडत नाही. घरीसुद्धा कमीच बोलते. तिच्या सरांनी प्रश्न विचारला की ती खाली बघते, आणि ते पुढच्या मुलाकडे जातात. तिचं अडखळणं ऐकणारा माणूस तिला अजून भेटलेला नाही, आणि ऐकायला तिथे आवाजच नाही.

तुम्ही म्हणालात, लिहिताना माणूस चूक लपवतो. मी तिची वही पाहिली. ती लपवत नाही, सर. ती खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते, आणि खोडलेलं सगळं दिसतं. ती कुठे अडखळली ते मला वहीत दिसलं. मला दिसलं, तर तुम्हाला दिसेलच.

ती बोलत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही. यात नक्की कोणाचं काय अडतं, हे गणित मला सुटलं नाही. तुम्ही सोडवून द्यावं.

येत्या रविवारी सकाळी मी तिला घेऊन येतो. बेल वाजवणार नाही, दार ढकलू. सतरंजी मी घालीन. ती उत्तर फळ्यावर लिहील, सगळ्या खाडाखोडीसह. नको असेल तर तसं कळवा, पण कारण लिहा, आणि कारण पूर्ण लिहा.

हिराकशीचं सूत्र दिलं होतं, त्याचं नाव तिने सोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा. कोणत्या इनामदाराकडे जाईल, ते तुम्हीच तिला विचारा. मी सांगितलेलं नाही.

आपला,
सोमनाथ दगू गांगुर्डे

सोबत : फी. एक चूक, दुरुस्त न केलेली.